पत्र्याचे बारा खेळाडू

परीक्षेचे दिवस जवळ आले की मला मळमळायला लागतं. घरात सगळ्यांना वाटतं, अभ्यासाची भीती. आई लिंबू-साखरेचं पाणी करून देते, मी ते पिते आणि बरं वाटतंय म्हणून सांगते. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. कारण आहे ओलं गोणपाट.

मार्च संपत आला की आई माठाला गोणपाट गुंडाळते आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी मारते. बोईसरजवळ सरावलीत आमच्या चाळीत बहुतेक दारांशी असे माठ दिसतात. ओल्या तागाला एक वास असतो. आई म्हणते, गार वास. तो आला की मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवतो, केळव्याची एक पडवी आठवते, आणि वाटीतलं मिठाचं पाणी शिंपडणारा माझा उजवा हात आठवतो. किळस येते. हा शब्द मोठा वाटेल, पण दुसरा सापडत नाही. मी बरेच दिवस शोधला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून शनिवार-रविवार मी केळव्याला एका घरी कामाला जात होते. समुद्राजवळ नारळ-सुपारीची वाडी, वाडीत जुनं कौलारू घर, आणि मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. घर तात्यांचं. तात्या ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी जवळजवळ गेलेले. पाहुण्यांचा सगळा कारभार त्यांचा मुलगा हेमंतदादा बघायचा. पाहुण्यांना खोली दाखवायची, जेवणाच्या वेळा सांगायच्या, वाडी फिरवून आणायची, हे माझं काम. पालघरला कॉलेजात बी.ए. करणारी, नीट बोलणारी मुलगी त्यांना हवी होती. नीट बोलणारी, हे हेमंतदादांनी पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, नववीत शाळा सोडून लातूरकडून इकडे कारखान्यात आले. माझ्या बोलण्याला कुणी कामाचं म्हणेल असं तोवर वाटलं नव्हतं.

पडवीत एका जुन्या टेबलावर फुटबॉलचा खेळ होता. हातभर लांबीची लाकडी फळी, तिच्यावर चिकटवलेलं हिरवं कापड, जागोजागी कसरीने खाल्लेलं. दोन्ही टोकांना तारेच्या जाळीचे गोल. आणि मध्ये पत्र्याचे खेळाडू, सहा लाल, सहा निळे. खऱ्या संघात अकरा असतात एवढं मलाही माहीत होतं, पण फळीवर तेवढी जागा नव्हती. प्रत्येक खेळाडूच्या पायाखालून एक लोखंडी सळी फळीच्या कडेला येई, आणि तिच्या टोकाला लाकडाचं बटण. बटण ओढून सोडलं की खेळाडू गर्रकन फिरून चेंडू मारतो. म्हणजे पूर्वी मारायचा. मी पाहिला तेव्हा बाराच्या बारा खाऱ्या हवेने गंजून ठार जाम झाले होते.

तात्या दहा वर्षांचे असताना त्यांच्या मामांनी हा खेळ मुंबईहून आणला होता. मी शेजारी बसले की तात्या बोटांनी एकेक खेळाडू चाचपायचे.

"हा गोली. याचं नाव दामू. आमच्या वाडीत दामू होता, नारळ पाडायला. खाली उभा ऱ्हायला की वरून पडलेला नारळ हातात घ्यायचा. म्हणून हा दामू."

"आणि चेंडू कुठाय, तात्या?"

"तो दुसऱ्याच दिशी हरवला. मग आमी सुपारी घ्यायचो. झाडाखाली पडते बघ, बारीक हिरवी, ती. सुकली की नवीन." ते हसायचे. "माझा मोठा भाऊ लाल घ्यायचा. मना कवाच लाल दिला नाय त्यानं. तो गेला तवा वाटलं, आता लाल माझा. पन खेळायला कोन हाय?"

हे मला अजूनही आवडतं. त्या घरातलं जे थोडं आठवायला बरं वाटतं, त्यात हे आहे. बाकीचं आठवलं की तोंडात कडू पाणी येतं. पाहुण्यांची ताटं आठवतात. घरगुती थाळी म्हणून कौतुकाने फोटो काढायचा, आणि अर्धं पापलेट तसंच ठेवून त्यात कागदी रुमाल खुपसायचा. खेळाच्या हिरव्या कापडावर टेकवलेल्या थंड बाटल्या आठवतात आणि त्यांचे उमटलेले ओले गोल. तात्या खुर्चीत बसलेले असताना त्यांच्या देखत, "आजोबा पण घेऊ का फोटोत, छान दिसतील," असं माझ्याकडे बघून विचारणारी एक बाई आठवते. मी काय म्हणाले? "घ्या ना, मॅडम."

मार्चच्या सुरुवातीला हेमंतदादा म्हणाले, "तू बोईसरची ना? तिकडे गंज काढून देणारं कुणी असेल बघ. पाहुणे खेळाची बटणं ओढून बघतात आणि हलत नाही म्हणून नाराज होतात." तात्या आतून ओरडले, "सगळी माणसंपन खोलून दे तिला. त्यांचे पाय गंजलेत."

मला शोधायची गरज नव्हती. अण्णा तेच काम करतात.

त्यांच्या कारखान्यात लोखंडी मालावर जस्त चढवतात. त्याआधी माल धुवावा लागतो. पहिली टाकी उकळत्या कॉस्टिकची, तिच्यात तेल, ग्रीस, रंग सगळं सुटून जातं. दुसरी ॲसिडची, तिच्यात गंज जातो. मग पाणी. अण्णा या टाक्यांवर वीस वर्षांहून जास्त आहेत. त्यांच्या शर्टांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात आणि आई त्यांचे कपडे वेगळे धुते. शाळेत असताना मला त्या आंबट वासाची लाज वाटायची. हेही सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं असावं.

मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बारा खेळाडू आणि बारा सळ्या घरी आणल्या. अण्णांनी एक खेळाडू उजेडात धरला. अंगठ्याने त्याची कड दाबून बघितली.

"पातळ पत्रा हाय माय. दोन मिनिटं जास्त झाली तर खाऊन टाकल ॲसिड."

"नाही जमणार?"

"जमंल की. उभं ऱ्हावं लागंल."

सुपरवायझरला विचारून त्यांनी ते काम जेवणाच्या सुट्टीत केलं. पायातल्या भोकांतून तार ओवून बाराजणांची माळ केली, आणि ती हातात धरून टाकीपाशी उभे राहिले. जेवणाचा डबा तसाच परत आला, म्हणून आई रागावली. अण्णा म्हणाले, "हात सोडता येत नव्हता गं." रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी आपलं जुनं बनियन फाडून बारा चिंध्या केल्या, प्रत्येक खेळाडूला तेलाचा हात दिला आणि एकेकाला वेगळं गुंडाळलं. मी एक उघडून पाहिला. भांड्यासारखा लखलखत होता. रंग कुठे नव्हता. लाल नाही, निळा नाही, डोळे नाहीत, मिशी नाही. आणि मला तो छान वाटला. हे खरं आहे, आमच्या दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही की काही चुकलंय. टाकीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला गंज, तेल आणि रंग ही एकाच घाणीची तीन नावं असतात. धुतलेला माल म्हणजे उघडा माल. मी त्याच घरात वाढले.

शनिवारी मी डबा हेमंतदादांपुढे ठेवला. चिंध्या सोडवता सोडवता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे काय केलंस तू!"

त्यांनी आणखी एक चिंधी सोडवली.

"अगं, रंगच तर बघायला येतात लोक! जुना रंग! कुणी केलं हे?"

मी म्हणाले, "बोईसरला एकाकडे दिलं होतं."

एकाकडे. शब्द तोंडातून इतका सहज निघाला की मलाच पत्ता लागला नाही. मग त्यांनी मित्राला फोन लावला आणि माझ्यासमोरच हसत हसत सांगितलं, "कुठल्या तरी गाढवाने ॲसिडमध्ये बुचकळून आणलेत रे. बारा टकले!" पलीकडचा हसलेला मला ऐकू आला. मी कोपऱ्यातल्या उशांना खोळी घालत होते. घालत राहिले.

तात्यांनी मात्र त्याच संध्याकाळी सगळे खेळाडू बसवून घेतले. सळ्या लोण्यासारख्या फिरत होत्या. त्यांना रंगाचं काय, दिसतच नव्हता. पायाच्या वाकण्यावरून ते दामूला ओळखायचे. स्वयंपाकाला येणाऱ्या मंजूमावशीने झाडाखालच्या सुपाऱ्या ओंजळभर आणून दिल्या. मावशी डोंगराकडच्या पाड्यावरची, बोलायला फटकळ. तिला तात्यांनी समोर बसवलं.

"मावशे, तुझा कुठला?"

"मना काय म्हाईत? सगळे सारखेच हायेत. तुमी खेळा, मी आपली गोल झाला की ओरडते."

"तुज्यावर झाला तरी?"

"तरीबी!"

आठ-दहा दिवस पडवीतून टक्क, टक्क असा आवाज येत होता. मी एकदाच खेळले, तीन गोलांनी हरले. "साफ करनाऱ्याचा हात चांगला हाय," तात्या म्हणाले. "कोन तो?" मी पुन्हा म्हणाले, "बोईसरचा एक." पहिल्यांदा ओरडा बसला म्हणून लपवलं असं म्हणता येईल. इथे तर शाबासकी होती. तीही मी वाटेत अडवून ठेवली.

मग हेमंतदादांनी एक पेंटर आणला. फोनमधले जुने फोटो बघून त्याने बाराही खेळाडू रंगवले, लाल-निळे, डोळे-मिशा. रंग वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून जागोजागी उडवला, वरून चहाचं पाणी लावलं. तरी नवंच दिसत होतं. मग ठरलं की मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात सगळं गुंडाळून ठेवायचं, सळ्यांसकट. शनिवार-रविवार गोणपाट ओलं ठेवायचं काम माझ्याकडे आलं, मधल्या वारी मंजूमावशीकडे.

ती मला म्हणाली, "आदी घासून घासून गंज काडला, आता पानी घालून गंज पिकवतायत. भाजी हाय काय ती? आनि तूबी शिकलेली पोरगी, घालतेस पानी!"

"मावशी, तुम्ही पण घालता."

"मी घालते, पन शिव्या देऊन घालते."

माझ्याकडून तेवढंही होत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मी वाटी घेऊन जायची आणि शिंपडायची. गोणपाट उचललं की उबट, खारट, सडका वास नाकात जायचा. आत पत्र्यावर पिवळट ठिपके धरायला लागले होते. एकेक ठिपका बघताना मला टाकीपाशी उपाशी उभा असलेला माणूस दिसायचा. दिसायचा आणि मी पाणी शिंपडायची. परीक्षा जवळ होती, पैशांची गरज होती, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला देत होते. आज त्या कारणांचाही वीट आलाय.

पंधरवड्याने खेळ पुन्हा टेबलावर आला. तात्यांनी बटण ओढलं. हललं नाही. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. "परत जाम झाला काय?"  त्यांनी दामूवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं वास घेऊन बघितलं आणि धोतराला पुसलं. नंतर ते त्या टेबलाशी बसलेले मी पाहिले नाहीत. आणि मी पाहुण्यांना सांगत होते, "सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. रंगसुद्धा मूळचा. याला कुणी हात लावलेला नाही." नीट बोलणारी मुलगी. पाहुणे म्हणायचे, "अय्या, किती ओरिजिनल!" आणि बोट गंजावरून असं फिरवायचे की जणू देवाचा अंगारा.

आता त्या रविवारचं.

सोमवारी माझा पहिला पेपर होता. केळव्याहून पहाटे परस्पर पालघरला जायचं ठरलं होतं आणि कॉलेजचं ओळखपत्र घरी राहिलं होतं. अण्णांना त्या दिवशी सुट्टी होती. फोनवर म्हणाले, "मी आणून देतो की. ती माणसं बी बघतो, बसवल्यावर कशी दिसत्यात." मी नको म्हणायला हवं होतं, किंवा त्यांना सगळं सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले. ते फाटकापर्यंतच येतील असं मी धरून चालले.

ते दुपारी आले तेव्हा पडवीत सात-आठ पाहुणे चहा घेत होते आणि मी त्यांना खेळाची माहिती सांगत होते. अण्णांनी लग्नाला घालायचा पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री केलेला. चपला पायरीखाली काढून ते सरळ टेबलापाशी आले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते वाकून खेळाडूंकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक बोटावर गुंडाळलं आणि एका सळीवरचा गंज चोळायला लागले.

"ओ काका, हात नका लावू," एक पाहुणा म्हणाला. "अँटिक आहे ते. जसंच्या तसं ठेवलंय."

"गंज चढलाय ओ," अण्णा म्हणाले. "हे तर मी..."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "हे कोण? तुमच्याकडचे?" त्या पाहुण्याने मला विचारलं.

एक क्षण होता. मला तो अजून बाहेरून दिसतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. हेमंतदादा दारात उभे होते. मी म्हणाले, "नाही, बोईसरचे आहेत. निरोप घेऊन आलेत."

अण्णांनी रुमालाची घडी घातली. गंजाची बाजू आत करून, नीट. खिशातून कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"हे कार्ड द्यायला सांगितलं होतं. घ्या, तुमचं."

जन्मल्यापासून ज्यांनी मला माय म्हटलं, ते मला अहोजाहो करत होते. मला सांभाळून घेण्यासाठी. मी कार्ड घेतलं. "थँक यू" म्हणाले. खरंच म्हणाले. ते पायऱ्या उतरले, चपला घातल्या, आणि सुपारीच्या झाडांमधून तो पांढरा शर्ट दिसेनासा झाला. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. पाहुणा म्हणाला, "या लोकांना किंमत कळत नाही हो." मी हसले. ते हसू आठवलं की मी आजही चालता चालता थांबते.

नंतर मागे मोरीवर जाऊन मी उलटी केली. मंजूमावशी भांडी घासत होती. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "कोन होता तो मानूस?" मी तिलाही काही सांगितलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नाक तुजंच हाय त्याला," एवढंच म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

घरी गेल्यावर अण्णांनी तो विषय काढला नाही. पेपर कसा गेला विचारलं. नंतरच्या प्रत्येक पेपरला विचारलं. ते रागावले असते तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. ते फक्त विचारत राहिले आणि मी चांगला गेला म्हणत राहिले. एप्रिल संपल्यावर मी केळव्याला गेले नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं. तेही खरं नव्हतं.

लोक लहानपणच्या वस्तूंबद्दल किती मायेने लिहितात! मीही तसंच लिहायला बसले होते. सुपारीचा चेंडू, दामू गोली, लाल न देणारा भाऊ. दोन पानं लिहिली आणि फाडली. तात्यांची माया खरी होती. बाकी आम्ही सगळे तिच्यावर मिठाचं पाणी मारत होतो.

परवा संध्याकाळी हेमंतदादांचा फोन आला. अण्णा नुकतेच कामावरून येऊन जेवायला बसले होते, मी वाढत होते. आमची खोली एवढीशी, फोनवरचं सगळ्यांना ऐकू जातं. हेमंतदादा म्हणाले, "परीक्षा आहे माहितीय, पण शनिवार-रविवार ये ना. नवीन मुलीला बोलताच येत नाही."

मी म्हणाले, "दादा, तुमच्या खेळातले पत्रे माझ्या वडिलांनी धुतले होते. तुम्ही गाढव म्हणालात ते माझे वडील. आणि त्या रविवारी कार्ड घेऊन आले होते, तेही तेच."

माझा आवाज चिरका झाला होता. नीट अजिबात बोलले नाही. 

"कसले पत्रे?" हेमंतदादा म्हणाले. "अच्छा, तो फुटबॉल! अगं, तो कधीच काढून टाकला मी. तात्या गेले ना दिवाळीत, त्यानंतर. आता तिथे झोपाळा लावलाय. मग, येतेस का?"

"नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

तात्या गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. मी कळवण्याजोगी कुठे होते? त्यांनी विचारलं होतं, साफ करणारा कोण, आणि आता सांगायला कुणीच उरलं नव्हतं. मी चुलीपाशी तशीच उभी राहिले, हातात भाजीचा डाव. आई माझ्याकडून अण्णांकडे आणि अण्णांकडून माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अण्णांनी घास गिळला. पाण्याचा घोट घेतला. माझ्याकडे न बघता, पण रागाने नाही, म्हणाले,

"तवा सांगायचं असतं, माय."

मग त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं, आणि मी भाजी वाढली.